गोल्फ मंडळाची वार्षिक सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचे स्वतःचे मैदान नसते, पण जे ठरलेल्या दिवशी एकत्र जमून खेळतात, अशा हौशी गोल्फ मंडळांच्या सदस्यांकडून आणि सहलीची जबाबदारी अंगावर पडलेल्या संयोजकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत आणि अडचणीचे शेवटी. एकाचे उत्तर दुसऱ्यात मिसळत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वार्षिक सहल म्हणजे नक्की काय? दर महिन्याच्या खेळापेक्षा तिच्यात वेगळे काय असते?

दोन ते चार रात्रींचा मुक्काम, एक किंवा अधिक मैदानांवर काही फेऱ्या, एकत्र जेवणे आणि शेवटच्या संध्याकाळी बक्षीस समारंभ, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. महिन्याच्या खेळात एखादा सदस्य संथ खेळला किंवा कुणाचे कुणाशी पटले नाही, तरी संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जातात. सहलीत मात्र तीच माणसे तीन दिवस सकाळी चहाला, दिवसभर मैदानावर आणि रात्री खोलीत बरोबर असतात. त्यामुळे एरवी न बोलता निभावणाऱ्या गोष्टी, म्हणजे पैसे, खोल्या, हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्यानुसार त्याला मिळणारी फटक्यांची सूट) आणि गट, येथे आधी लिहून ठरवाव्या लागतात. खाली दिलेल्या बहुतेक प्रश्नांचे मूळ यातच आहे.

२. मी अलीकडेच खेळायला लागलो आहे. माझ्यामुळे इतरांचा खेळ बिघडेल का?

बिघडणार नाही, मात्र खेळाचा प्रकार योग्य निवडलेला हवा. जागतिक हँडिकॅप पद्धतीत हँडिकॅप इंडेक्सची (कौशल्य मोजणाऱ्या आकड्याची; तो जितका मोठा, तितका खेळ कच्चा) कमाल मर्यादा ५४.० आहे, म्हणजे नवशिक्याला पद्धतीतच जागा ठेवलेली आहे. स्टेबलफर्ड या गुणमोजणीच्या पद्धतीत (प्रश्न ७ पाहा) एखाद्या होलवर (फेरीतील अठरा टप्प्यांपैकी एकावर) गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलून पुढे जाता येते, त्यामुळे एका होलवरच्या अकरा फटक्यांनी सगळी फेरी वाया जात नाही. आपल्याकडून अपेक्षा इतकीच की पाळी येण्याआधी तयार राहावे, चेंडू कधी उचलायचा हे ओळखावे आणि दर फटक्यानंतर क्षमा मागू नये. सोबत्यांना फटक्यांपेक्षा त्या क्षमायाचनेचाच अधिक कंटाळा येतो.

३. किती दिवस जावे आणि किती फेऱ्या खेळाव्यात?

बहुतेक मंडळांना दोन रात्री आणि तीन फेऱ्या पुरतात, त्यातही पहिल्या दिवशी प्रवासानंतर दुपारी हलकी सांघिक फेरी ठेवणे बरे. एका दिवसात ३६ होल खेळण्याचा उत्साह नोंदणीच्या वेळी सर्वांनाच असतो. १८ होल चालत खेळल्यास आठ ते दहा किलोमीटर सहज चालणे होते, हे दुसऱ्या फेरीच्या मध्यावर ध्यानात येते. अशी दुहेरी फेरी ठेवायचीच असेल तर दुसरी ऐच्छिक ठेवावी आणि तिचे गुण मुख्य स्पर्धेत धरू नयेत.

४. पैसे केव्हा आणि कशाचे भरायचे? अनामत एवढी आधी का मागतात?

मुक्कामाचे ठिकाण आणि मैदान दोघेही संयोजकाच्या नावावर जागा राखून ठेवतात आणि त्यासाठी आगाऊ रक्कम मागतात. सदस्यांची अनामत आली नाही, तर ती रक्कम प्रत्यक्षात संयोजक स्वतःच्या खिशातून भरत असतो. म्हणून तोंडी होकार ही नोंदणी मानू नये, अनामत जमा झाली तरच नाव पक्के धरावे. उरलेली रक्कम, ठिकाणाला अंतिम आकडा कळवण्याच्या तारखेआधी निदान दोन आठवडे गोळा झालेली असावी.

दरपत्रकात काय समाविष्ट आहे आणि काय नाही, हे नोंदणीच्या पत्रातच स्पष्ट लिहावे. मैदानशुल्क, मुक्काम, न्याहारी आणि रात्रीचे जेवण हे सहसा धरलेले असते. बगी (मैदानावरची छोटी गाडी), कॅडी (किट वाहणारा मदतनीस), सरावाचे चेंडू, पेये आणि बक्षिसांची वर्गणी यांवरून मात्र हमखास गैरसमज होतात. काही ठिकाणे ठरावीक संख्येच्या गटामागे एक जागा विनामूल्य देतात. ती संयोजकाला द्यायची की सर्वांच्या खर्चातून वजा करायची, हे मंडळाने उघडपणे ठरवावे. आमच्या मते ती संयोजकाला देण्यात काहीच वावगे नाही, पण ती गोष्ट नंतर कळली तर गैर वाटते.

५. ऐनवेळी मला येणे जमले नाही तर पैसे परत मिळतील का?

नियम साधा ठेवावा. अंतिम आकडा कळवण्याच्या तारखेपूर्वी माघार घेतल्यास, अनामतीतील जो भाग ठिकाणाकडून परत मिळेल तो सदस्याला परत द्यावा. त्या तारखेनंतर माघार घेतल्यास, बदली खेळाडू मिळाला तरच परतावा द्यावा. कारण आजारपण असो वा कार्यालयातील काम, ठिकाण पैसे कापताना असा भेद करत नाही आणि मंडळाकडे तो तोटा सोसायला निधी नसतो. आजारपणाची धास्ती असलेल्यांनी प्रवास विमा स्वतः घ्यावा आणि आधीपासून असलेले आजार त्यात धरले आहेत की नाहीत, हे वाचून पाहावे.

यात एक अवघड प्रसंग नेहमी येतो. दोघांच्या खोलीतील एकाने माघार घेतली की दुसऱ्यावर एकट्याच्या खोलीचा वाढीव आकार येऊन पडतो. हा आकार मागे राहिलेल्याकडून घेऊ नये, कारण त्याचा त्यात काहीच दोष नसतो. माघार घेणाऱ्याच्या जमा रकमेतून तो आधी वळता करावा आणि मग काही उरले तर परताव्याचा विचार करावा. हे वाक्य नोंदणीच्या पत्रात असेल, तर पुढे कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

६. खोलीतील जोडीदार मला निवडता येतो का? आणि न खेळणाऱ्या पतीला किंवा पत्नीला आणता येते का?

जोडीदाराचे नाव नोंदणीच्या वेळी दोघांनीही कळवले असेल तर तसेच करावे, अन्यथा संयोजक जोड्या लावतो. घोरणाऱ्यांनी ते प्रामाणिकपणे सांगावे. घोरणाऱ्या दोघांना एका खोलीत ठेवणे ही कुणाची चेष्टा नसून उत्तम व्यवस्था आहे. न खेळणाऱ्या व्यक्तींना आणावे की नाही हा मंडळाचा प्रश्न आहे. मात्र त्यांच्यासाठी दिवसभराचा काही कार्यक्रम नसेल, तर ते आधीच सांगावे. जेवणाच्या मेजावर सर्व वेळ सातव्या होलवरील बंकरचीच चर्चा चालणार, याचीही त्यांना कल्पना द्यावी.

७. स्पर्धेसाठी कोणता प्रकार ठेवावा?

वैयक्तिक स्पर्धेसाठी स्टेबलफर्ड आणि पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी एक सांघिक फेरी, ही जोडी सहलीला सर्वांत मानवते.

स्टेबलफर्ड पद्धत डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी शोधली आणि तिची पहिली स्पर्धा १९३२ साली इंग्लंडमधील वॉलेसी गोल्फ क्लबवर झाली. हँडिकॅपचे फटके वजा करून पार (त्या होलसाठी ठरवलेले अपेक्षित फटके) झाल्यास २ गुण, त्याहून एक फटका कमी लागल्यास ३, दोन कमी लागल्यास ४, एक जास्त लागल्यास १ आणि दोन किंवा अधिक जास्त लागल्यास शून्य, अशी तिची मोजणी आहे. आपल्या हँडिकॅपाप्रमाणे खेळणाऱ्याचे ३६ गुण होतात. एकूण फटक्यांच्या स्पर्धेत प्रत्येक होल पूर्ण करावाच लागतो. अनोळखी मैदानावर, वाऱ्यात, आदल्या रात्री उशिरा झोपलेल्या माणसांकडून ती अपेक्षा करणे म्हणजे सहा तासांच्या फेऱ्यांना आमंत्रण देणे होय.

सांघिक फेरीसाठी स्क्रॅम्बल सोयीचा ठरतो. चौघेही फटका मारतात, उत्तम चेंडू निवडला जातो आणि पुढचा फटका चौघेही तेथूनच मारतात. चौघांच्या स्क्रॅम्बलसाठी जागतिक हँडिकॅप पद्धतीने शिफारस केलेली सवलत कमी हँडिकॅपवाल्यापासून चढत्या क्रमाने २५, २०, १५ आणि १० टक्के अशी आहे आणि त्यांची बेरीज हा संघाचा हँडिकॅप होतो. प्रत्येक खेळाडूचे टीवरील (होल सुरू करण्याच्या जागेवरील) किमान तीन फटके वापरलेच पाहिजेत अशी अट घातली, तर नवशिक्याही नुसता पाहुणा राहत नाही.

८. माझा इंडेक्स १८.४ आहे, मग सहलीच्या मैदानावर मला २० फटके कसे मिळाले?

हँडिकॅप इंडेक्स ही आपल्या कौशल्याची सर्वसाधारण मोजणी असते, तर प्रत्येक मैदानाची काठिण्यपातळी वेगळी असते. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत कोर्स हँडिकॅप (त्या मैदानावर मिळणारे फटके) काढण्यासाठी इंडेक्सला स्लोप रेटिंगने (सामान्य खेळाडूला मैदान किती अवघड जाते याच्या आकड्याने) गुणून ११३ ने भागतात आणि त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूकडून तेथे अपेक्षित फटके) व पार यांतील फरक मिळवतात. स्लोप रेटिंग ५५ ते १५५ या मर्यादेत असते आणि ११३ हे मध्यम काठिण्याचे मानले जाते. समजा, मैदानाचा स्लोप १२८, कोर्स रेटिंग ७२.३ आणि पार ७२ आहे. १८.४ गुणिले १२८ भागिले ११३ म्हणजे सुमारे २०.८४, त्यात ०.३ मिळवले की २१.१४, म्हणजे कोर्स हँडिकॅप २१ झाला. वैयक्तिक स्टेबलफर्डसाठी ९५ टक्के सवलत शिफारस केलेली असल्याने खेळण्याचा हँडिकॅप २० येतो.

संयोजकाने हा तक्ता घरीच तयार करून न्यावा. पहिल्या टीवर बाराजण आपापल्या फोनमध्ये आकडेमोड करत उभे राहिले, की मैदानाचा स्टार्टर (गट खेळायला सोडणारा कर्मचारी) अस्वस्थ होतो.

९. सर्वांनी एकाच टीवरून खेळणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. वयस्कर सदस्य, कमी अंतर मारणारे खेळाडू आणि महिला सदस्य पुढच्या टीवरून खेळले आणि बाकीचे मागच्या टीवरून, तरी ते एकाच स्पर्धेत राहू शकतात. कोर्स रेटिंग व पार यांतील फरक प्रश्न ८ मधील सूत्रात आधीच धरलेला असल्याने स्टेबलफर्डमध्ये वेगळी दुरुस्ती लागत नाही. मात्र त्या टीला संबंधित खेळाडूंसाठी, म्हणजे पुरुषांसाठी किंवा महिलांसाठी, रेटिंग दिलेले असले पाहिजे.

१०. अधिकृत हँडिकॅप नसलेल्या सदस्यांचे काय करायचे?

अनेक मंडळे स्वतःच्या मासिक खेळांवरून आपल्यापुरता हँडिकॅप ठेवतात, आणि सहलीसाठी तो वापरण्यास हरकत नाही. ज्याचे गुण कुणीच पाहिलेले नाहीत अशा पाहुण्याला स्पर्धेत घ्यावे, पण मुख्य करंडकासाठी पात्र धरू नये. त्याच्यासाठी वेगळे छोटे बक्षीस ठेवावे. काही मंडळे पहिल्या दिवसाच्या विजेत्याचे एक-दोन फटके पुढील फेरीसाठी कापतात. हा मंडळाचा घरगुती नियम झाला, त्याचा अधिकृत इंडेक्सशी संबंध नाही, आणि कपात किती होणार हे पहिल्या फेरीपूर्वीच जाहीर झालेले असावे. विजेत्याचे नाव कळल्यावर ठरवलेली कपात कितीही न्याय्य असली तरी तशी दिसत नाही.

११. दरवेळी मला त्याच माणसांबरोबर का खेळावे लागते?

संयोजकाला दोष देण्यापूर्वी खेळाडूंची संख्या पाहावी. १२ खेळाडूंचे चौघांचे तीन गट केले, तर दुसऱ्या फेरीतील प्रत्येक गटातले चौघे पहिल्या फेरीच्या तीनच गटांतून येणार. म्हणजे प्रत्येक गटात निदान दोघे आधी एकत्र खेळलेले असणारच. ते टाळण्याचा कोणताही मार्ग नाही, फक्त प्रत्येक वेळी वेगळी जोडी पुन्हा येईल एवढे पाहता येते.

१६ खेळाडू असतील तर काम सोपे होते. चार ओळी आणि चार स्तंभ असलेल्या चौकोनात सोळा नावे लिहावीत. पहिल्या फेरीसाठी आडव्या ओळींचे गट करावेत, दुसऱ्या फेरीसाठी उभ्या स्तंभांचे, आणि तिसऱ्या फेरीसाठी तिरक्या रेषांचे. रेषा चौकोनाच्या कडेला पोचली की दुसऱ्या कडेपासून ती पुढे चालू ठेवावी. या तीन फेऱ्यांत कुणीही कुणाबरोबर दोनदा खेळत नाही. थोड्या अधिक कौशल्याने १६ जणांच्या पाच फेऱ्या अशा रचता येतात की प्रत्येकजण उरलेल्या पंधरा जणांबरोबर नेमका एकेकदा खेळतो. गणितात हा प्रकार ‘सोशल गोल्फर प्रॉब्लेम’ या नावानेच ओळखला जातो. ३२ खेळाडू दर आठवड्याला चौघांच्या आठ गटांत खेळले, तर कुणाचीही पुन्हा गाठ न पडता किती आठवडे चालेल, हा त्यातला प्रसिद्ध प्रश्न आहे. दर आठवड्याला प्रत्येकाला तीन नवे सोबती लागतात आणि एकूण सोबती एकतीसच असतात, त्यामुळे दहापेक्षा जास्त आठवडे शक्य नाहीत. दहा आठवड्यांची रचना प्रत्यक्षात सापडलेली आहे.

शेवटच्या फेरीत मात्र गुणानुक्रमे गट लावावेत आणि आघाडीवर असलेल्यांना शेवटी सोडावे. त्या दिवशी ओळखी वाढवण्यापेक्षा चुरस महत्त्वाची असते.

१२. विमानाने जाताना किट कसे न्यावे? विद्युत ट्रॉली चालते का?

क्लब (गोल्फच्या काठ्या) विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाहीत, ते तपासणी करून सामानकक्षातच द्यावे लागतात. प्रवासी पिशवीत सर्वांत लांब क्लबपेक्षा थोडी उंच अशी भक्कम काठी उभी ठेवली, म्हणजे आघात तिच्यावर येतो आणि ड्रायव्हर (हा सर्वांत लांब क्लब) वाचतो. फेरीत १४ पेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत, म्हणून जास्तीचे क्लब घरीच ठेवावेत.

ट्रॉलीचा खरा अडथळा तिची लिथियम बॅटरी हा आहे. १०० वॅट-अवरपर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात चालतात, १०० ते १६० पर्यंतच्या बॅटऱ्यांसाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि त्याहून मोठ्या बॅटऱ्या प्रवासी सामानात नेता येत नाहीत. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की वॅट-अवर मिळतात. १२ व्होल्ट आणि १८ अँपिअर-अवरच्या बॅटरीचे २१६ होतात, म्हणजे ती घरीच राहील. अशा वेळी मैदानावर बगी किंवा साधी ट्रॉली भाड्याने घ्यावी आणि तिची नोंद नावासह आधी करावी, कारण बग्या मोजक्याच असतात.

१३. फेरी फार लांबते. काय करता येईल?

पहिल्या गटात वेगाने खेळणारे ठेवावेत. फटक्यांच्या खेळात आणि स्टेबलफर्डमध्ये जो तयार असेल त्याने सुरक्षित असल्यास आधी मारावे, याला नियमावलीच प्रोत्साहन देते. चेंडू शोधण्याची मुदत २०१९ पासून पाचऐवजी तीन मिनिटे झाली आहे, पण जुन्या खेळाडूंच्या मनात अजून पाचच आहेत. चेंडू हरवल्यावर किंवा हद्दीबाहेर गेल्यावर मागे चालत जावे लागू नये, यासाठी दोन दंडफटके घेऊन पुढेच चेंडू टाकण्याचा स्थानिक नियम मंडळाने सहलीपुरता लागू करावा. हौशी गटासाठी तो अतिशय उपयोगी आहे. गुण संपल्यावर चेंडू उचलण्याबद्दल प्रश्न २ पाहा.

१४. वादळ आले किंवा फेरी अर्धवट राहिली तर निकाल कसा लावायचा?

विजेचा धोका असल्याचे खेळाडूला रास्तपणे वाटत असेल, तर तो कुणाच्याही परवानगीशिवाय खेळ थांबवू शकतो. भोंग्याचा एकच लांब आवाज म्हणजे खेळ तत्काळ स्थगित, त्यानंतर हाती घेतलेला होल पूर्ण करण्याचीही मुभा नसते. झाडाखाली किंवा उघड्या छपरीत थांबू नये, पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर न पडण्याचा संकेत पाळावा.

निकालाबाबत पर्याय आधी जाहीर करावा. सर्व गटांचे निदान नऊ होल पूर्ण झाले असतील तर सर्वांनी खेळलेल्या सामायिक होलांचे गुण धरावेत, अन्यथा ती फेरी रद्द समजावी. तीनपैकी उत्तम दोन फेऱ्या धरण्याची पद्धत असेल तर पाऊस, आजारपण किंवा उशिरा आलेले विमान यांपैकी काहीही झाले, तरी कुणी स्पर्धेबाहेर पडत नाही. आमची शिफारस याच पद्धतीला आहे.

१५. सकाळी त्याच मैदानावर सराव करून दुपारी स्पर्धा खेळता येईल का?

फटक्यांच्या स्पर्धेत आणि स्टेबलफर्डमध्ये, स्पर्धेच्या दिवशी फेरीपूर्वी त्याच मैदानावर सराव करण्यास नियमाने मनाई आहे. पहिल्या टीजवळ किंवा सरावाच्या ग्रीनवर पटिंग व चिपिंग (जवळचे हलके फटके) करता येते. मात्र आयोजकांना स्थानिक नियमाने ही मनाई उठवता येते, तेव्हा सहलीत सकाळी ऐच्छिक नऊ होल ठेवायचे असतील तर तसे लेखी जाहीर करावे. काहींनी सराव केला आणि काहींना परवानगी आहे हेच माहीत नव्हते, असे होऊ नये.

१६. सहलीतील गुण माझ्या अधिकृत हँडिकॅपसाठी धरले जातात का?

स्क्रॅम्बलचे गुण धरले जात नाहीत, कारण तेथे खेळाडूचा स्वतःचा चेंडू सलग खेळला जात नाही. वैयक्तिक स्टेबलफर्डचे गुण, मैदानाला रेटिंग असेल आणि फेरी नियमांनुसार सोबत्यांसह खेळली असेल, तर स्वीकारले जाऊ शकतात. फेरीपूर्वी नोंद करावी लागते की नाही, हे आपल्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांवर अवलंबून असते. सवलतीने घेतलेले पट (न मारताच होलमध्ये गेल्याचे मानलेले जवळचे फटके) आणि मंडळाच्या घरगुती सवलती फेरीत असतील तर मात्र ती नियमांनुसार झालेली नसते.

१७. बक्षीस रोख देता येईल का?

हँडिकॅपवर आधारित स्पर्धेत हौशी खेळाडूने रोख बक्षीस स्वीकारू नये, असे २०२२ पासूनचे हौशी दर्जाचे नियम सांगतात. त्यामुळे करंडक, वस्तू किंवा खरेदीची कूपने द्यावीत. संयोजकांनी शेवटच्या क्रमांकासाठीही काहीतरी ठेवावे, पण ते त्याला टोचणारे नसावे.

१८. दोघांचे गुण सारखे झाले तर कोण जिंकतो? आणि सर्व गट वेगवेगळ्या होलांवरून सुरू झाले असतील तर?

प्रचलित पद्धतीत शेवटच्या नऊ होलांचे गुण पाहतात, तेही सारखे असतील तर शेवटचे सहा, मग तीन आणि शेवटी अठरावा होल. स्टेबलफर्डमध्ये गुणांत हँडिकॅप आधीच धरलेला असतो, म्हणून येथे पुन्हा काहीही वजा करायचे नसते. ही चूक सर्रास होते. एकूण निव्वळ फटक्यांच्या स्पर्धेत मात्र शेवटच्या नऊ होलांसाठी हँडिकॅपचा अर्धा भाग वजा करतात. गट वेगवेगळ्या होलांवरून सुटले असले, तरी ‘शेवटचे नऊ’ म्हणजे १० ते १८ हेच होल समजावेत, खेळाडूने प्रत्यक्ष शेवटी खेळलेले नव्हेत.

१९. कार्डावर चुकीचा आकडा लिहून सही झाली, आता काय?

एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा जास्त फटके लिहिले असतील तर जास्तीचा आकडाच कायम राहतो. कमी लिहिले असतील तर खेळाडू बाद होतो. मात्र स्टेबलफर्डमध्ये त्या चुकीमुळे होलच्या गुणांत फरक पडत नसेल, तर बाद केले जात नाही. हँडिकॅप लिहिला नाही किंवा चुकीचा लिहिला, तर पूर्वी खेळाडूला शिक्षा होत असे. २०२३ च्या नियमांपासून हँडिकॅपाचा हिशेब आयोजकांची जबाबदारी झाली आहे, त्यामुळे निकालपत्रक तयार करणाऱ्याने प्रश्न ८ मधील तक्ता हाताशी ठेवूनच गुण तपासावेत. बक्षीस वाटून झाल्यावर चूक आढळली आणि ती खेळाडूला कल्पनाच नसलेले दंडफटके न लिहिल्याची असेल, तर त्याला बाद करता येत नाही. पण आयोजकांची स्वतःची बेरीज चुकली असेल, तर ती दुरुस्त करण्यास मुदतीचे बंधन नाही आणि करंडक परत मागण्याचे अवघड काम संयोजकालाच करावे लागते.